धुऊन टाकलेले चेहरे

नातीचा डबा घरी राहिला म्हणून परवा भिवंडीजवळच्या वळ गावी गेले. ती तिथल्या एका गोदामात कामाला आहे. खोक्यांवरच्या काळ्या रेघा यंत्रासमोर धरायच्या, खोकं पुढे सरकवायचं, पुढचं घ्यायचं. रिक्षावाल्याने गेटाशी सोडलं आणि मी डबा हातात धरून निळ्या पत्र्याच्या न संपणाऱ्या भिंतीकडे बघत राहिले. वळ म्हणजे माझं माहेर. डोळे बांधून सोडलं तरी इथली वाट चुकणार नाही, असं मी आयुष्यभर सांगत आले. आता डोळे उघडे होते आणि काहीच ओळखू येत नव्हतं. शेतं नाहीत, बांध नाहीत, तळ्यावर सिमेंट. मग रस्त्याच्या कडेला अर्धी छाटलेली चिंच दिसली. मी नेमकी जुन्या शेडच्या जागी उभी होते.

"मावशी, आत न्हाय सोडत कोनाला," वॉचमन म्हणाला. "फोन लावतो तिला. सावलीत बसा तुम्ही."

बसले. वारा पुठ्ठ्याचा आणि डिझेलचा वास आणत होता. त्याच्या खालून मला दुसराच वास यायला लागला. शिजलेल्या खळीचा. आंबूस, गरम, पेजेच्या पातेल्यासारखा.

इथे सायझिंग होतं. सूत लूमवर चढवण्याआधी त्याला खळ पाजतात, म्हणजे ते ताणलं तरी तुटत नाही. ते काम जिथे चालायचं ती ही शेड. माझ्या लग्नाआधीच ती बंद पडली होती. मालक निघून गेला, यंत्रं उचलून नेली, उरले ते लाकडी खांब, खळ शिजवायची एक फुटकी कढई आणि कोपऱ्यात विसरलेला एक मोडका लूम. कौलांतून ऊन खाली यायचं आणि त्यात कापसाची कुसं तरंगत राहायची. कुणी हललं की ती उठायची, थांबलं की पुन्हा बसायची. माझ्या नवऱ्याने त्या उजेडाचे जितके फोटो काढले तितके माणसांचेही काढले नसतील.

त्यातला एकही उरला नाही.

नवऱ्याचं नाव दामोदर. भिवंडीत त्यांना सगळे दामू फोटोवाला म्हणायचे. एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांची चिंचोळी खोली होती. पुढे स्टुडिओ, मागे काळोखी खोली. पडद्यावर एक सरोवर रंगवलेलं, त्यात दोन हंस, त्यातल्या एकाची मान पोपडे निघून गेलेली. लग्न होऊन आले तेव्हा मला सासरच्या माणसांआधी सासरचे वास कळले. फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा, व्हिनेगरसारख्या नाकात चढणाऱ्या त्या दुसऱ्या पाण्याचा, आणि ओल्या कागदाचा. मी मॅट्रिक झालेली, अक्षर बारीक, हात स्थिर. त्यांनी मला निगेटिव्हवर पेन्सिलने काम करायला शिकवलं. नवरीच्या तोंडावरचे देवीचे व्रण, म्हाताऱ्याच्या डोळ्याखालचा काळा अर्धगोल, सगळं मी टोकदार शिशाने नाहीसं करायचे. ते शेजारी उभे राहून म्हणायचे, "जरा ठेव गं. सगळंच नको पुसूस. माणूस राहू दे त्यात."

त्या गल्लीत दिवसभर लूमचा आवाज. खटॅक खटॅक, भिंतीतून, जमिनीतून, जेवताना ताटातून. वीज गेली की सगळं गाव एकदम बहिरं व्हायचं आणि तान्ही पोरं दचकून रडायची.

एक दिवस रहीम नावाचा लूम कामगार फोटो काढायला आला. गावाकडे आईला पाठवायचा होता. त्याने हंसांकडे बघितलं आणि म्हणाला, "दामूभाई, ये पर्दा हटाओ. अम्मी को लगेगा मैं तालाब पे घूम रहा हूँ. दीवार दिखाओ, जैसी है वैसी." त्यांनी पडदा गुंडाळला. पोपडे निघालेल्या भिंतीसमोर रहीम उभा राहिला, डोक्यात कापसाची कुसं, हातात डबा. तो फोटो त्यांना इतका आवडला की त्यांनी दुसरी प्रत काढून काळोख्या खोलीच्या दाराला लावली. रहीमनेच त्यांना पहिल्यांदा वळच्या शेडमध्ये नेलं.

तिथे वसंता होता. गणेशपुरीकडच्या भातशेती करणाऱ्या घरातला, मुंबईला चित्रकला शिकून परत आलेला. शिकून आला म्हणजे काहीतरी चांगलं काढेल, देवाच्या तसबिरी, दुकानांच्या पाट्या, असं घरच्यांना वाटलं होतं. तो शेडमध्ये बसून ग्रीस आणि चिंध्या आणि खळ यांचं काहीतरी करायचा, आणि संध्याकाळ झाली की मोडून टाकायचा. "उरलं की विकलं जातं," तो म्हणायचा. "विकलं गेलं की मेलं." त्याच्याभोवती कामगार, बेकार, एखाददुसरा शाळामास्तर जमला होता. त्यांनी स्वतःला नाव दिलं नव्हतं. गाव त्यांना येडी मंडळी म्हणायचं.

आणि तिथे कमल होती. कमल माझी मैत्रीण, वळचीच, शेतकऱ्याच्या घरातली. आमची घरं गावाबाहेर, त्यांची गावात. लहानपणी त्यांच्या अंगणात पाणी मागितलं तर तिची आई वरून धार धरायची आणि मी ओंजळीने प्यायचे. कमल पुढे यायची आणि माझ्या ओंजळीत उरलेलं पाणी आईच्या देखत पिऊन टाकायची. मार खायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मोठेपणी ती भिवंडीत कांड्या भरायला जाऊ लागली. म्हणजे बॉबिनीवर सूत गुंडाळायचं काम. घरी सांगायची, ड्युटी वाढली. आणि शेडमध्ये यायची. दोन भाऊ होते तिला, रागीट. त्यांना कळलं असतं तर तिला जिवंत ठेवली नसती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

पहिल्यांदा मी गेले तेव्हा वसंताने शेडभर, खांबापासून खांबापर्यंत, पांढरं सूत ताणलं होतं आणि त्याला ओली खळ लावली होती. कमल दारातून आत आली आणि चालायला लागली. काही नाटक नाही, गाणं नाही. फक्त चालली. सूत तिच्या कपाळाला चिकटलं, दंडाला, पोटाला, तुटलं नाही, तिच्याबरोबर ताणत गेलं. मध्यावर आली तेव्हा तिचा श्वास सगळ्या शेडला ऐकू येत होता. पुढे पुढे ती इतकी गुरफटली की चालणं म्हणजे वर्षाला एक पाऊल, असं वाटायला लागलं. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, वळचीच, गवताचा भारा टेकून आत डोकावलेली. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "हे तर आपलंच हाय गं, पोरी."

माझ्या नवऱ्याने तोवर आयुष्यभर बसलेली माणसं टिपली होती. वर-वधू, बारसं, प्रेत. हलती माणसं कशी धरायची ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या रोलमध्ये कमलचा नुसता धूर उमटला. ते काळोख्या खोलीतून बाहेर आले ते हसत. "अगं, बघ तरी. ती गेलेली दिसते यात. चाललेली नाही, गेलेली." मग ते त्याच वेडाने भारले गेले. दर रविवारी, सुट्टीच्या दिवशी, कॅमेरा गळ्यात घालून सायकलवर वळला. वसंता आधी चिडायचा. फोटो म्हणजेही उरणंच. पण एकदा त्याने स्टुडिओत येऊन ओल्या, दोरीवर टांगलेल्या प्रती बघितल्या. खूप वेळ बघितल्या. जाताना म्हणाला, "दामू, तू काढ. तू मोजला जात नाहीस." हे कौतुक होतं की काय होतं, मला आजही कळलेलं नाही. ते मात्र दिवसभर शीळ घालत होते.

ती चार-पाच वर्षं. आता वाटतं, आयुष्यात तेवढीच होती. रहीमने एकदा तो मोडका लूम दुरुस्त केला आणि सूत न घालता शिफ्टभर चालवला. रिकामा धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेतातून माणसं आली, विचारायला लागली, "अरे कापड कुठंय?" तो म्हणाला, "आज कपडा नहीं, चाचा. आज सिर्फ आवाज." आणि त्या आवाजावर तो आपल्या गावाहून भिवंडीपर्यंतच्या स्टेशनांची नावं घेत राहिला, सावकाश, जपासारखी, संपली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी शेवटी त्याचा घसा बसला आणि नुसते ओठ हलत होते. तो ओठांचा फोटो माझ्या नवऱ्याने वाकून, लूमच्या खालून काढला होता. त्यात धोट्याची रेघ त्याच्या तोंडावरून गेलेली होती.

मुंबईहून केस वाढवलेली माणसं यायला लागली. शेडच्या पायरीवर बसून बिड्या ओढायची, वसंताशी वाद घालायची. त्यातल्या एकाने आमच्याकडे जेवताना ह्यांना विचारलं, "हे फोटो म्हणजे तुमचं काम आहे, हे तुम्हाला कळतंय का?" त्या दिवशी ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. भात तसाच ताटात. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "शेडच्याच भिंतींवर लावू आपण सगळे. वळची माणसं येतील. त्यांचेच तर आहेत." निगेटिव्हच्या पुड्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने ऋतू आणि जागा, एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेल्या. ट्रंक आमच्या खाटेखाली असायची. झोपेत हात खाली गेला तर तिचा गारवा लागायचा.

मग आणीबाणी आली. कशी आली, का आली, ते पुस्तकांत असेल. आमच्या गल्लीत ती अशी आली की चहाच्या टपरीवर माणसं बोलायची थांबली. लूम कामगारांच्या वस्तीतून काही माणसं नेली. कुठे नेली, विचारायचं नाही. त्यांच्या बायका कडी लावून बसायच्या.

एका उन्हाळ्यातल्या भर दुपारी, बाजाराच्या रस्त्यावर, येडी मंडळी आली. कमल डांबरावर आडवी झाली. वसंताने तिच्या कडेकडेने चुना टाकला. ती उठली, पांढरी बाई रस्त्यावर राहिली. ती पुढे जाऊन पुन्हा आडवी. मग रहीम. मग मास्तर. बघता बघता सगळा रस्ता आडव्या पांढऱ्या माणसांनी भरला. नेलेल्यांपैकी कुणाचा खांदा उजवीकडे झुकलेला असायचा, कुणाचा पाय आखूड, आणि वसंताने चुन्यात ते तसंच काढलं होतं. मासळीची पाटी घेतलेली एक बाई आली, थांबली, लुगडं सावरून त्या आकारांना वळसा घालून गेली. मग सगळाच बाजार वळसा घालून चालायला लागला. हातगाड्यासुद्धा. माझे यजमान एका कापडाच्या दुकानाच्या माडीवरून हे टिपत होते. घरी आले, कॅमेरा खाटेवर ठेवला. म्हणाले, "असं पुन्हा काही मिळणार नाही मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं स्टुडिओत आली. साध्या कपड्यांत, पण बूट ओळखू येत होते.

"दामोदर फोटोवाला तूच?"

"हो साहेब."

"बाजारातले फोटो काढलेस."

"मी लग्नाचे काढतो साहेब."

"लग्नाचे काढ ना. आम्हाला बाकीचे हवेत. आधीपासूनचे, सगळे." दुसरा हंसांच्या पडद्याला हात लावून बघत होता. तो हसला. "चेहरे फार स्पष्ट येतात म्हणे तुझे. कौतुक ऐकलंय."

"इथे नाहीत. घरी शोधावे लागतील."

"शोध. संध्याकाळी येतो." माझ्याकडे बघून तो म्हणाला, "लपवायच्या भानगडीत पडू नकोस. बायको अवघडलेली दिसते."

माझी मुलगी तेव्हा पोटात होती.

ते गेल्यावर यांनी स्टुडिओला कुलूप लावलं. वसंता रात्रीच गणेशपुरीकडे निघून गेला होता, रहीमचा पत्ता नव्हता. कमल मात्र कुठे जाणार? ती कामावर होती. मी म्हटलं, "ट्रंक वळला नेऊ. माझ्या बाबांकडे. गवताच्या गंजीत."

"लपवलेलं सापडतं," ते म्हणाले. "आणि सापडलं की तुझे बाबा जातील."

"मग ज्यात कमल नाही तेवढे देऊन टाका."

ते खाटेवर बसले. "कमल नाही असा एक तरी आहे का?"

रंगाच्या कारखान्यातून त्यांनी कॉस्टिक सोडा आणला. स्टोव्हवर पाणी उकळत ठेवलं. मी हात पुढे केला तर म्हणाले, "तू नको. पोटुशी आहेस, हात जळतील. तू फक्त बघ." मला कळेना काय बघायचं. त्यांनी ट्रंक माझ्यासमोर ओढली. "एकेक खिडकीशी धर. नीट बघून घे. मग माझ्याकडे दे."

तशी ती दुपार गेली. मी फिल्म उजेडाला धरायचे. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. मला त्याची सवय होती, मला ती माणसं सरळच दिसायची. म्हणायचे, "ही सुतातली कमल." म्हणायचे, "हा रहीम, लूमखालून." म्हणायचे, "ही गवताचा भारा घेतलेली म्हातारी, हसतेय." ते मान हलवायचे आणि फिल्म गरम पाण्यात सोडायचे. काही वेळाने वरचा थर फुगायचा, मऊ व्हायचा, आणि ते अंगठ्याने तो पुसून काढायचे. काळपट साय. पाण्यात तरंगायची, तळाशी बसायची. हातात उरायची ती कोरी, निर्मळ फिल्म, तिच्यातून पलीकडची भिंत दिसायची. प्रती स्टोव्हवर जाळल्या, रहीमचा दारावरचाही. त्यांच्या बोटांची कातडी सोलली गेली, टोकं पांढरीफटक झाली. ते थांबले नाहीत. आदल्या दिवशीचा, बाजाराचा रोल सगळ्यात शेवटी होता. तो मी उजेडाला धरला आणि मला काही बोलताच येईना. उलट्या रंगात रस्ता पांढरा होता आणि आडवी माणसं काळी.

"सांग ना," ते म्हणाले.

मी मान हलवली. त्यांनी तो न विचारता माझ्या हातून घेतला.

संध्याकाळी ती माणसं आली. यांनी कोऱ्या फिल्मांचा गठ्ठा पुढे केला. त्या माणसाने एक दिव्याशी धरली आणि तिच्यातून माझ्याकडे बघितलं. मग त्याने माझ्या नवऱ्याच्या कानाखाली मारली. त्यांना घेऊन गेले, कॅमेराही घेऊन गेले. किती दिवस ते मी सांगत नाही. आमच्याहून कितीतरी जास्त दिवस लोकांची माणसं आत होती. परत आले तेव्हा एका कानाने ऐकू येत नव्हतं.

"काय विचारलं?"

"नावं."

"मग?"

"म्हटलं, माझ्या लक्षात राहत नाही साहेब. म्हणून तर फोटो काढतो."

हसले. त्यांच्या तोंडून ऐकलेला तो शेवटचा विनोद.

इतक्यात नात गेटाबाहेर आली, गळ्यात ओळखपत्र, कानात अजून गोदामाचा आवाज असल्यासारखी मोठ्याने बोलत. "आजी, एवढ्या उन्हात कशाला आलीस? कँटीनमध्ये खाल्लं असतं मी." मी म्हटलं, सहज आले. तिने डबा घेतला, माझ्या गालाला हात लावला आणि पळाली. तिथे बाहेर थांबायला वेळ मिळत नाही. वॉचमनने मला पाणी दिलं. मी तिथेच बसून राहिले. उठावंसं वाटेना.

आणीबाणी उठली आणि वसंता आला. दाढी वाढलेली, खांदे उतरलेले, पण डोळे पूर्वीसारखेच. दिल्लीहून कुणीतरी त्याला बोलावलं होतं. मोठं प्रदर्शन होतं, भिवंडीत काय घडलं ते देशाला दाखवायचं होतं. उरवायचं नाही म्हणणारा वसंता दारातूनच म्हणाला, "दामू, फोटो बाहेर काढ. सगळे घेऊन जातो."

"नाहीत," हे म्हणाले.

"नाहीत म्हणजे? नेले त्यांनी?"

"मी धुऊन टाकले. त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून."

वसंताला आधी ते खरंच वाटलं नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घातली. मग तो ओरडला, "कुणाला विचारून? मी सांगितलं होतं तुला? मी तुरुंगात गेलो असतो, दामू! आनंदाने गेलो असतो! ते राहिले असते ना!"

"तू गेला असतास रे. कमल?"

"मग कमलला विचारायचंस. तिला तरी विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. वेळ नव्हता, असं म्हणता आलं असतं. पण ते म्हणाले नाहीत, कारण त्यांना वसंताचं पटलं होतं. मला दिसलं ते. त्यांच्या तोंडावर दिसलं, घाव बरोबर जागी बसल्यावर माणूस क्षणभर शांत होतो, तसं.

वसंता पुन्हा कधी आला नाही. पुढे त्याने कॅनव्हासवर रंगवलं, ते विकलंही गेलं, तो मोठा झाला. त्याच्या मुलाखती मी वाचायचे. त्यांत भिवंडी असायची, शेड असायची, कमल असायची. फोटोवाला नसायचा. रहीम गावी परतला म्हणे, नाहीतर कुठे दुसऱ्या लूमवर. काही कळलं नाही. कमलचं भावांनी घाईघाईत लग्न लावलं, नाशिककडे कुठेतरी.

माझ्या नवऱ्याने जुना कॅमेरा पैदा केला आणि रविवारी पुन्हा सायकलवर वळला जायला लागले. मला वाटलं, सावरतायत. एकदा मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर." मुलगी कडेवर होती. शेडमध्ये गेले तर त्यांनी एकट्याने, कुणाला न सांगता, खांबाखांबांना सूत बांधलं होतं. खळ लावलेली. वसंताने बांधलं होतं तसं, त्याच उंचीवर. मुलीला त्यांनी दाराशी गोधडीवर बसवलं.

"तू चाल," ते मला म्हणाले.

मी काय करणार? चालले. गार, ओलं सूत कपाळाला लागलं, ओठांना लागलं, खळीची चव तोंडात आली. माझा श्वास वाढला. मला वाटलं होतं, लाज वाटेल. लाज नाही वाटली, भीती वाटली. कारण मला कळलं, कमल इथे दर वेळी काय करत होती. आणि माझे यजमान तेच माझ्यात शोधतायत. मी मध्यावर थांबले. ते कॅमेऱ्यात बघत होते. खूप वेळ बघत होते. कापसाची कुसं वर उठली, खाली बसली. मुलगी रडायला लागली. बटण दाबल्याचा आवाज आलाच नाही.

त्यांनी कॅमेरा खाली केला. "नको," ते म्हणाले. "तू तू आहेस." आणि मग खांबाला टेकून खाली बसले आणि माझ्या नवऱ्याला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं, मोठ्याने, एका कानाने न ऐकणाऱ्या माणसाला स्वतःचं रडणं कळत नाही तसं. मी सुतात अडकलेली. सोडवून त्यांच्यापाशी जायला मला किती वेळ लागला.

त्यानंतर ते फक्त पासपोर्टचे काढायचे. गिऱ्हाइकाकडे बघायचेही नाहीत. कावीळ झाली, ती वाढत गेली, ठाण्याच्या हॉस्पिटलात ते गेले. दशक संपायच्या आत सगळं संपलं होतं. मुलगी तेव्हा नुकती बोलायला लागली होती.

स्टुडिओ मी चालवला. बाईमाणूस फोटो काढते म्हणून आधी हसले लोक, मग ज्या घरातल्या बायका पुरुषासमोर बुरखा वर करत नसत, त्या माझ्याकडे यायला लागल्या. त्यांनीच मला जगवलं. हंसांचा पडदा मी काढून टाकला, पांढरी चादर लावली.

कमल आली ती एका दुपारी. हातात मुलगा, डोक्यावरून पदर, आधी ओळखूच आली नाही. माहेरी आली होती. "बाय," तिने जुन्या सवयीने मला हाक मारली आणि दारातच उभी राहिली. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. दामूभाऊ गेल्याचं तिला माहीत होतं. बाहेर लूम चालले होते. शेवटी मीच विचारलं. इतके दिवस ते माझ्या छातीवर बसलं होतं.

"कमल, ते फोटो धुताना तुला विचारलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?"

मला वाटत होतं, ती म्हणेल, बरं केलंत. निदान तेवढं तरी. मी त्यांच्या वतीने ते ऐकायला कान लावून बसले होते.

तिने मुलाचे केस सारखे केले. "ठेवा म्हटलं असतं," ती म्हणाली.

"अगं, भावांनी मारून टाकलं असतं तुला."

"मारलं असतं." तिचा आवाज चढला नाही. "पण बाय, मी हाय तरी का आता? घरी सांगते कोनाला, मी असं असं केलेलं, तर हसतात. आता माझं मलाच खरं वाटत न्हाय. मेली असते तरी कुठंतरी असते ना मी."

मुलगा कंटाळून तिचा पदर ओढायला लागला. ती म्हणाली, "काढ आता आमचा फोटो. याच्या बापाला पायजे, पोराबरोबरचा."

ती चादरीसमोर स्टुलावर बसली. मुलाला मांडीवर घेतलं. मी दिवे लावले, कॅमेऱ्यात बघितलं, आणि तिला म्हटलं, जरा मोकळी बस, मान हलव, इकडे बघ, हवं तर हस. तिने ऐकलं होतं. पण ती तशीच बसली, हात गुडघ्यावर, डोळे समोर, श्वाससुद्धा दिसत नव्हता. मुलगा चुळबुळत होता, बाहेरून लूमचा दणका येत होता, भिंत हलत होती. मी थांबले. वाट बघितली. तिच्यातलं काही म्हणजे काही हललं नाही.

मी बटण दाबलं. फोटो अगदी स्पष्ट आला.